‘कंपोस्टेबल’ प्रमाणपत्र: घरचा ढीग की औद्योगिक प्रकल्प, आणि त्यापुढची वाट

आपली वस्तू ‘कंपोस्टेबल’ आहे, म्हणजे कंपोस्ट खताच्या ढिगात कुजते, असं प्रमाणपत्र घ्यायला पहिल्यांदाच आलेल्या उत्पादकाचा प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: ‘आमचे दाणे (प्लॅस्टिकचा कच्चा माल) सर्टिफाइड आहेत, फक्त लोगो कसा टाकायचा तेवढं सांगा.’ दाणे सर्टिफाइड असतात, त्यात खोटं काही नसतं. पण त्या दाण्यांपासून फुगवलेली फिल्म, तिच्यावरची छपाई, शिवणीतला गोंद, वरची झिप असं सगळं मिळून जी पिशवी तयार होते, ती कुणीच तपासलेली नसते. प्रमाणपत्र मिळतं ते ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या वस्तूला. त्या जाडीला, त्या रंगाला, त्या शाईला, आणि तेही एका ठरावीक प्रकारच्या कंपोस्टसाठी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं काम वेळखाऊ असतं, पण अवघड राहत नाही.

पहिली पायरी: वस्तू शेवटी कुठे कुजणार ते ठरवा

औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात ढीग मोठा असतो. हवा आणि ओलावा सांभाळलेला असतो, आणि आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास जातं. घरच्या ढिगात किंवा डब्यात असं काही होत नाही. तिथे तापमान हवामानाच्या मर्जीवर असतं, म्हणून घरगुती चाचण्या साधारण २० ते ३० अंशांवर घेतात. हा तीस-चाळीस अंशांचा फरकच सगळं ठरवतो.

पीएलएचं, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचं, उदाहरण घ्या. कपात, झाकणात, चहाच्या पुडीत हे प्लॅस्टिक भरपूर वापरलं जातं. ते साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत काचेसारखं कडक असतं. त्याच्या वर गेलं की मऊ पडतं, पाणी आत शिरतं, लांब साखळ्या तुटून लहान होतात आणि मग सूक्ष्मजीव ते खाऊ शकतात. औद्योगिक ढिगात काही आठवड्यांत नाहीसा होणारा पीएलएचा कप घरच्या ढिगात वर्षभराने काढून धुतला, तर पुन्हा वापरता येईल असा असतो. म्हणजे कप ‘कंपोस्टेबल’ आहे हे वाक्य अर्धंच आहे. कुठे, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

नवख्यांना घरगुती प्रमाणपत्र म्हणजे वरचा दर्जा आणि औद्योगिक म्हणजे खालचा, असं वाटतं. माझ्या मते हा विचार सोडून द्यावा. वस्तू कुठे टाकली जाईल याचं प्रामाणिक उत्तर शोधा. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची पातळ पिशवी किंवा फळावरचं स्टिकर सालीबरोबर घरच्या ढिगात जाण्याची शक्यता खरी आहे. फ्रान्समध्ये २०२२ पासून फळं-भाज्यांवर स्टिकर लावायचं असेल तर ते घरगुती कंपोस्टमध्ये कुजणारंच लागतं, कारण स्टिकर सोलून वेगळं टाकत बसायची सवय कुणालाच नसते. याउलट कार्यक्रमात, उपाहारगृहात वापरून एकगठ्ठा गोळा होणाऱ्या कप-ताटल्यांना औद्योगिक प्रमाणपत्र पुरेसं असतं. अर्थात ती गोळा करून प्रकल्पात नेणारं कुणी असेल तर.

घरगुती शिक्का घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी सामान्य लोकांना त्यांच्या घरच्या कंपोस्टमध्ये अशा वस्तू टाकून पाहायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये निकाल आले, तेव्हा घरगुती प्रमाणपत्र असलेल्या प्लॅस्टिकपैकी ६० टक्के पूर्ण कुजलेलं नव्हतं. प्रयोगशाळेतला ‘घरचा ढीग’ नीट सांभाळलेला असतो, लोकांचा नसतो. काठावर पास होणारी वस्तू घेऊन बाजारात जाऊ नका, जाडी थोडी कमी करता आली तर करा.

दुसरी पायरी: घटकांची यादी करा आणि ती गोठवा

एक कोरा कागद घ्या आणि वस्तूत जे जे आहे ते वजनाच्या टक्क्यांसह लिहा. मूळ दाणे, भरणद्रव्य, रंगाचं मास्टरबॅच (रंगद्रव्य घट्ट मिसळलेले दाणे), घसरपणासाठी घातलेला पदार्थ, शाई, वार्निश, गोंद, लेप. ‘शाई नगण्य आहे’ असं म्हणून सोडू नका. नगण्य म्हणजे किती, हेच तपासणारा पहिल्यांदा विचारतो.

औद्योगिक कंपोस्टसाठीच्या युरोपच्या ईएन १३४३२ मानकाचा नियम असा: १ टक्क्यापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक सेंद्रिय घटकाचं जैवविघटन, म्हणजे सूक्ष्मजीव तो खाऊन संपवतात हे, सिद्ध करावं लागतं. १ टक्क्याखालच्या घटकांना त्यातून सूट आहे, पण अशा सगळ्यांची बेरीज ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आणि सूट फक्त जैवविघटनाच्या चाचणीपुरती असते, जड धातू आणि विषारीपणाच्या तपासणीतून कुणीही सुटत नाही. रासायनिक बदल न केलेले नैसर्गिक पदार्थ, म्हणजे लाकूड, कापूस, स्टार्च, कागदाचा लगदा वगैरे, त्यांचं जैवविघटन गृहीत धरलं जातं. म्हणून उसाच्या चोथ्याची साधी ताटली बनवणाऱ्याचं काम पुष्कळ हलकं होतं.

त्या ताटलीची खरी अडचण दुसरीकडे असते. तेल झिरपू नये म्हणून लगद्यात फ्लोरीनयुक्त रसायनं घालायची पद्धत होती. ही रसायनं कुजत नाहीत आणि खतातून मातीत जातात. उत्तर अमेरिकेत प्रमाणपत्र देणाऱ्या बीपीआय या संस्थेने २०२० पासून एकूण फ्लोरीन १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) खाली असण्याची अट घातली. ही चाचणी लवकर होते. लगद्याची वस्तू असेल तर सगळ्यात आधी हीच करून घ्या.

रंगाने मला एकदा चांगलाच धडा दिला. एका लहान कारखान्यासाठी हिरवट-निळ्या पिशव्यांची फाइल तयार करत होतो. फिल्म प्रमाणित दाण्यांची होती, तुकडे पडण्याची चाचणी (ती चौथ्या पायरीत येईल) झोकात पास झाली होती. मग जड धातूंचा अहवाल आला आणि तांब्याच्या रकान्यासमोर लाल खूण. आम्ही आधी प्रयोगशाळेला दोष दिला. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. निळ्या-हिरव्या रंगांत सर्रास वापरलं जाणारं थॅलोसायनिन रंगद्रव्याच्या घडणीतच तांबं असतं, निळ्या प्रकारात वजनाच्या साधारण ११ टक्के. दाण्यांत २ टक्के मास्टरबॅच, त्यात २० टक्के रंगद्रव्य, म्हणजे पिशवीत ०.४ टक्के. किलोमागे ४ ग्रॅम रंगद्रव्य, त्यातलं तांबं ४४० मिलिग्रॅम. ईएन १३४३२ ची मर्यादा आहे किलोमागे ५०. हिशेब पाच मिनिटांचा होता, आणि आम्ही तो चार महिने उशिरा केला.

त्याच मानकातल्या बाकीच्या काही मर्यादाही जवळ लिहून ठेवा, सगळ्या कोरड्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये: जस्त १५०, निकेल २५, शिसं ५०, क्रोमियम ५०, कॅडमियम ०.५, पारा ०.५, आर्सेनिक ५. रंगाच्या पुरवठादाराकडे हा तक्ता पाठवा आणि लेखी उत्तर मागा. अमेरिकेच्या मानकात तांब्याची मर्यादा बरीच सैल आहे, त्यामुळे तिथल्या प्रमाणपत्रावर अवलंबून युरोपात जाताना हाच घोळ पुन्हा होऊ शकतो.

पुरवठादार पूर्ण सूत्र सांगायला तयार नसतात. त्यावर भांडू नका. प्रमाणन संस्थेला ते गुप्ततेच्या अटीवर परस्पर कळवू शकतात, ही रुळलेली पद्धत आहे.

यादी झाली की तिला हात लावायचा नाही. चाचण्या सुरू असताना ‘थोडा वेगळा गोंद वापरून बघू’ असं झालं, तर झालेल्या चाचण्या कुणाच्या होत्या हा प्रश्न उरतो.

तिसरी पायरी: मानक आणि संस्था

मानक म्हणजे नियमांचं पुस्तक, प्रमाणन संस्था म्हणजे ते पाळलं की नाही हे बघून शिक्का देणारी, आणि प्रयोगशाळा म्हणजे मोजमाप करणारी. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवखे त्या हमखास एकत्र करतात. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं होत नाही.

औद्योगिक कंपोस्टसाठी युरोपात ईएन १३४३२, अमेरिकेत प्लॅस्टिकला एएसटीएम डी६४०० आणि प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदाला डी६८६८, ऑस्ट्रेलियात एएस ४७३६, आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ १७०८८. घरगुतीसाठी ऑस्ट्रेलियाचं एएस ५८१० आणि फ्रान्सचं एनएफ टी५१-८०० ही जास्त वापरात असलेली मानकं. टीयूव्ही ऑस्ट्रिया ही संस्था ‘ओके कंपोस्ट इंडस्ट्रियल’ आणि ‘ओके कंपोस्ट होम’ असे दोन वेगळे शिक्के देते. युरोपातला कोंबाच्या चित्राचा लोगो युरोपियन बायोप्लास्टिक्स या संघटनेच्या मालकीचा आहे, जर्मनीची डीआयएन सर्टको ही संस्था तो देते, आणि तो औद्योगिक कंपोस्टसाठीच आहे.

निवड कशी करायची? माल जिथे विकायचा तिथला कायदा आणि तिथला मोठा ग्राहक कुठला शिक्का मागतो ते बघा, बस. सगळे शिक्के एकदम घेण्याचा मोह होतो. तो आवरा. एका मानकासाठी केलेल्या बऱ्याच चाचण्या दुसऱ्यासाठी चालतात, त्यामुळे दुसरा शिक्का मागाहून घेता येतो. मात्र ऑस्ट्रेलियाच्या मानकांत गांडुळांवरची विषारीपणाची चाचणी जास्तीची असते, ती वेगळी करावी लागते.

संस्था ठरल्यावर पहिलं पत्र असं लिहा: वस्तू ही, घटक हे, यातले हे घटक आधीच प्रमाणित आहेत आणि त्यांचे क्रमांक हे, तर नव्याने कुठल्या चाचण्या लागतील आणि कुठल्या प्रयोगशाळांचे अहवाल तुम्हाला चालतात? उत्तर येईपर्यंत एकही नमुना प्रयोगशाळेत पाठवू नका. न चालणाऱ्या प्रयोगशाळेचा सुंदर अहवाल मी पाहिलेला आहे, त्याचा उपयोग फाइल जाड दिसण्यापुरता झाला.

चौथी पायरी: चाचण्या, आणि त्यांचा क्रम

चाचण्या चार आहेत. रासायनिक तपासणी काही दिवसांत होते, म्हणून ती आधी. त्यानंतर तुकडे पडण्याची, तिच्यापाठोपाठ झाडांवरची. जैवविघटनाची चाचणी सगळ्यात लांब चालते. प्रमाणित दाणेच वापरले असतील तर ती बऱ्याचदा टळते, आणि प्रमाणित कच्चा माल घेण्याचा खरा फायदा हाच.

तुकडे पडण्याची चाचणी समजून घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक वस्तू इथेच अडकतात. आयएसओ २०२०० या पद्धतीत खऱ्या कचऱ्याऐवजी बनवलेला कचरा वापरतात, सगळीकडे सारखाच असावा म्हणून. त्याची कृती पाककृतीसारखीच आहे: लाकडाचा भुसा ४० टक्के, सशांचं खाद्य ३०, पिकलेलं कंपोस्ट १०, मक्याचं स्टार्च १०, साखर ५, मक्याचं तेल ४ आणि युरिया १. यात पाणी घालून ओलावा ५५ टक्क्यांवर आणतात, वस्तूचे लहान चौकोनी तुकडे मिसळतात, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरतात आणि डबा ५८ अंशांच्या भट्टीत ठेवतात. ठरलेल्या दिवशी उघडून पाणी घालायचं, हलवायचं. पहिल्या दिवसांत आंबट वास येतो, मग अमोनियाचा, आणि हळूहळू मातीचा. शेवटी सगळं वाळवून चाळणीतून काढतात.

औद्योगिक निकष असा की १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त शिल्लक राहू नये. घरगुतीसाठी चाळणी तीच, पण तापमान खोलीचं आणि मुदत सहा महिन्यांची. इथे जाडीच सगळं ठरवते. नमुना म्हणून सगळ्यात जाड भाग द्या: कपाची कड, पिशवीची दुमडून जोडलेली शिवण, चमच्याची दांडी. ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी पास झाली तर त्याच फिल्मचं ३० मायक्रॉन प्रमाणपत्रात आपोआप बसतं, उलटं होत नाही.

पैसे घालवण्याआधी एक कच्ची चाचणी स्वतः करा. नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्यांत वस्तूचे तुकडे आणि थोडा ओला कचरा घाला, एका पिशवीत तुलनेसाठी साधा कागद, आणि चालू ढिगात मध्यभागी पुरा. दर महिन्याला काढून फोटो घ्या. कागद गेला आणि तुमची वस्तू तशीच आहे, तर प्रयोगशाळेत वेगळं काही दिसण्याची आशा धरू नका. अर्जाला हे फोटो उपयोगी नाहीत, निर्णयाला आहेत.

तुकडे पडले म्हणजे कुजलं असं नसतं. साध्या पॉलिथिनमध्ये झटपट तुटण्याची रसायनं घालून केलेल्या ‘ऑक्सो’ प्लॅस्टिकचेही तुकडे पडतात, ते फक्त दिसेनासे होतात. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून ते बाजारात आणायला बंदी घातली. म्हणून जैवविघटनाची चाचणी वेगळी असते आणि ती डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, वायू मोजते. पिकलेल्या कंपोस्टमध्ये वस्तूची पूड मिसळून बंद भांड्यात ५८ अंशांवर ठेवतात आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. शेजारी एका भांड्यात नुसतं कंपोस्ट, एकात शुद्ध सेल्युलोज. १०० ग्रॅम सेल्युलोजमध्ये सुमारे ४४ ग्रॅम कार्बन असतो, तो सगळा वायू झाला तर १६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघेल. तुमच्या वस्तूसाठी असाच कमाल आकडा काढतात. औद्योगिक मानकात सहा महिन्यांत त्याच्या ९० टक्के, किंवा सेल्युलोजने जेवढं दिलं त्याच्या ९० टक्के गाठावं लागतं. घरगुतीसाठी आकडा तोच, तापमान कमी आणि मुदत एक वर्ष. सेल्युलोजच ४५ दिवसांत ७० टक्क्यांपर्यंत गेलं नाही तर कंपोस्ट मेलेलं होतं असं समजून सगळी चाचणी बाद करतात. अहवाल आला की आधी सेल्युलोजची रेघ बघायची सवय लावा.

झाडांवरच्या चाचणीत वस्तू घालून केलेल्या कंपोस्टमध्ये दोन जातींची रोपं उगवतात. रुजलेल्या बियांची संख्या आणि रोपांचं वजन, दोन्ही वस्तूशिवाय केलेल्या कंपोस्टच्या तुलनेत किमान ९० टक्के हवं. इथे नापास होणं क्वचितच घडतं, आणि घडलंच तर बहुतेक वेळा शाई किंवा एखादं मिश्रणद्रव्य कारण निघतं.

पाचवी पायरी: फाइल

अर्ज, घटकांची यादी, प्रत्येक कच्च्या मालाच्या प्रमाणपत्राची प्रत, अहवाल, जाडीसह वस्तूचं रेखाचित्र, छपाईचा नमुना, आणि प्रत्यक्ष वस्तू. पुरवठादाराने दिलेली प्रत तशीच जोडू नका. संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रमाणित वस्तूंची यादी खुली असते, तिथे क्रमांक टाकून चार गोष्टी बघा: नाव, मुदत, कमाल जाडी, आणि शिक्का घरगुती की औद्योगिक. मुदत संपलेली प्रत रंगीत प्रिंटवर तितकीच खरी दिसते.

एकाच मालाच्या वेगवेगळ्या मापाच्या पिशव्या असतील तर त्या एका कुटुंबात घाला. सगळ्यात जाड नमुन्याची चाचणी होते आणि बाकीच्या त्याखाली येतात.

सहावी पायरी: वस्तूवर काय छापायचं

मंजुरी येण्याआधी लोगो छापून घेऊ नका, एवढं सांगूनही लोक छापतात. लोगोखाली तुमचा क्रमांक असायलाच हवा. क्रमांक नसलेला लोगो पाहिला की जाणकार ग्राहक तिथेच शंका घेतो. तुमचा माल दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकला जाणार असेल तर तिच्या नावाचा वेगळा परवाना बहुतेक योजनांत लागतो.

शब्दांची निवड कायद्याचा विषय आहे. फ्रान्समध्ये वस्तूवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिता येत नाही, आणि फक्त औद्योगिक प्रकल्पातच कुजणाऱ्या प्लॅस्टिकवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्दही चालत नाही. कॅलिफोर्नियातही प्लॅस्टिकच्या वस्तूवर ‘बायोडिग्रेडेबल’ला मनाई आहे. कायदा गप्प असेल तिथेही मी एवढंच छापायला सांगतो: ‘औद्योगिक कंपोस्टमध्ये कुजते, घरच्या ढिगात टाकू नका’ किंवा ‘घरच्या कंपोस्टमध्ये कुजते’. ‘निसर्गात विरघळते’सारखी वाक्यं वस्तू रस्त्याकडेला फेकायचं आमंत्रण देतात. माती आणि समुद्र यांच्या चाचण्या वेगळ्या असतात, कंपोस्टच्या प्रमाणपत्रातून त्यांच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

त्याची मुदत काही वर्षांचीच असते. मधल्या काळात संस्था बाजारातून किंवा कारखान्यातून नमुना उचलते, इन्फ्रारेड यंत्राखाली ठेवते आणि त्याचा आलेख मूळ नमुन्याच्या आलेखाशी ताडून पाहते. दाणे बदललेले असतील तर तिथे कळतं. खरेदी विभागात एक चिठ्ठी लावून ठेवा: दाणे, रंग, शाई किंवा गोंदाचा पुरवठादार बदलण्याआधी विचारायचं. निम्मी प्रमाणपत्रं स्वस्त शाईपायी अडचणीत येतात असं मला कधीकधी वाटतं.

आणि ज्या प्रकल्पात तुमचा माल जाणार आहे तिथे स्वतः जाऊन या. प्रमाणपत्र असलं म्हणून वस्तू घ्यायलाच हवी असं बंधन प्रकल्पावर नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात सेवा देणाऱ्या कंपोस्ट प्रकल्पांनी एकत्र निवेदन काढून, आम्हाला कंपोस्टेबल पॅकेजिंग आणि कप-ताटल्या नकोत, असं सरळ सांगितलं होतं. त्यांच्या तक्रारींत नेहमीचं प्लॅस्टिक मिसळून येणं होतं, आणि सगळ्या प्रमाणित वस्तू त्यांच्या ढिगात वेळेत न कुजणंही होतं. प्रकल्पवाल्यांना तीन प्रश्न विचारा: ढीग किती आठवडे ठेवता, आत तापमान किती जातं, आणि कचरा निवडणारा माणूस पट्ट्यावरून सरकणारी कुठली वस्तू ठेवतो आणि कुठली उचलून फेकतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उभं राहून बघा. त्याला जेमतेम सेकंदभर मिळतो, आणि तेवढ्यात त्याला तुमच्या पिशवीवरचा बोटाच्या पेराएवढा लोगो दिसत नाही. पिशवीभर रुंद पट्टा छापलेला असला तर दिसतो. फक्त तो निळा-हिरवा निवडायचा झाला, तर आधी तांब्याचा हिशेब करा.